पायाने राखलेला सूर
नॅशव्हिलच्या ब्रॉडवेवर एक फेरफटका

सकाळचे जेमतेम अकरा वाजलेले असतात. आपल्याकडे या वेळी दुकानदार गल्ल्यासमोर उदबत्ती लावून पहिल्या गिऱ्हाइकाची वाट पाहत असतो. अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात, लोअर ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावर, नेमकी याच वेळी वादकांची भवानी व्हायची असते. एकेका बारच्या उघड्या खिडकीत छोटेसे व्यासपीठ, त्यावर चारपाच वादक आणि समोर नोटा टाकण्यासाठी ठेवलेली बादली किंवा काचेची बरणी. तिकीट बहुधा नसते. ऐकणाऱ्याला गाणे आवडले, तर तो बरणीत पैसे टाकतो. नाही आवडले, तर शेजारच्या दारात शिरतो. वादकांच्या घरखर्चाचा मोठा भाग या बरणीतून निघतो.

या वादकांत एक जण बसून वाजवणारा असतो. त्याच्यासमोर लहान टेबलासारखे वाद्य असते. उजव्या हाताने तारा छेडायच्या, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, दोन्ही गुडघ्यांनी खालचे दांडे ढकलायचे आणि डाव्या पायाने पट्ट्या दाबून तारांची पट्टी बदलायची. या वाद्याचे नाव पेडल स्टील गिटार. पर्यटकांचे डोळे त्याच्या बोटांवर खिळलेले असतात. पण जाणकार पाहतो तो त्याच्या उजव्या पायाकडे. तो पाय एका वेगळ्या, चपलेएवढ्या पेटीवर ठेवलेला असतो आणि गाणे संपेपर्यंत शिवणयंत्राच्या पायटीवरच्या पायासारखा हळूहळू वरखाली होत राहतो. ही पेटी म्हणजे व्हॉल्यूम पेडल.

हातचे राखून

नावावरून वाटते, की हे पेडल आवाज मोठा करण्यासाठी असावे. गंमत अशी, की त्याचे मुख्य काम नेमके उलट आहे. तार छेडली की पहिल्या क्षणी आवाज सर्वांत मोठा असतो आणि मग तो विरत जातो. सतारीचे असेच होते, गिटारचेही तसेच. व्हायोलिनचा गज किंवा बासरीची फुंक सूर लांबवू शकते. छेडलेल्या तारेला ती सोय नाही. स्टील वादक यावर युक्ती करतो. तार छेडताना तो पेडल अर्धेच दाबलेले ठेवतो. सूर जसजसा विरू लागतो, तसतसा पाय खाली जातो. विरणारा आवाज आणि चढणारे पेडल यांचा मेळ बसला, की सूर एकसारखा, गळ्यातून निघाल्यासारखा लांबत जातो. म्हणजे सुरुवातीला राखून ठेवलेले नंतर पुरवून वापरायचे. काटकसरीने संसार करणाऱ्या आपल्या गृहिणींना ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही.

उभा राहून इलेक्ट्रिक गिटार वाजवणारेही हे पेडल वापरतात. तार छेडताना आवाज पूर्ण बंद ठेवायचा आणि मग पाय दाबायचा. छेडल्याचा ठोका ऐकूच येत नाही आणि सूर व्हायोलिनसारखा उमलत येतो. शिवाय गायक गात असताना मागे सरायचे आणि आपली पाळी आली की पुढे यायचे, हेही पायानेच साधते. हात वाद्यावर गुंतलेले असताना गिटारवरची कळ फिरवणार कोण?

प्रार्थनामंदिरापासून रेडिओपर्यंत

ब्रॉडवेपासून दोन पावलांवर लाल विटांची एक भव्य इमारत आहे. टॉमस रायमन नावाच्या आगबोटींच्या मालकाने पुढाकार घेऊन ती प्रार्थनासभांसाठी बांधवली. १८९२ साली ती पूर्ण झाली. हेच रायमन ऑडिटोरियम. आजही तेथे खुर्च्यांऐवजी चर्चमधली लांब लाकडी बाके आहेत. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओ केंद्रावर १९२५ साली सुरू झालेला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम १९४३ ते १९७४ या काळात येथूनच होत असे. कार्यक्रमाच्या मध्ये कलाकार मागच्या बोळातून टूट्सीज नावाच्या जांभळ्या रंगाच्या बारमध्ये जाऊन येत. तो बोळ आणि तो बार दोन्ही आजही आहेत.

१९५४ साली वेब पियर्स या गायकाचे ‘स्लोली’ हे गाणे गाजले. त्यात बड आयझॅक्स यांनी पेडल स्टील वाजवले होते. सूर चालू असतानाच एक तार वाकून दुसरी पट्टी गाठते, ही करामत लोकांनी ऐकली आणि नॅशव्हिलचे स्टील वादक आपापल्या वाद्यांना पट्ट्या जोडायच्या मागे लागले. त्याच दशकात शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोन वादकांनी शो-बड नावाने पेडल स्टील बनवायला सुरुवात केली. पुढे ब्रॉडवेवरच त्यांचे दुकान थाटले गेले. या नावाची व्हॉल्यूम पेडल्सही निघाली आणि जुनी पेडल्स वादक अजून जपून वापरतात. ते दुकान केव्हाच बंद झाले. त्याच इमारतीत पुढे काऊबॉय बुटांचे दुकान आले आणि त्या दुकानात हळूहळू गाणेबजावणे सुरू झाले. आज ‘रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. भिंतीवरच्या फळ्यांवर बूट अजूनही ओळीने मांडलेले असतात आणि जिथे स्टील गिटारी विकल्या जात, तिथे त्या रोज वाजतात.

मराठी कानांना हा आवाज अगदीच परका वाटत नाही. पेडल स्टीलची आजी म्हणजे हवाई बेटांवरची आडवी गिटार. जोसेफ केकुकू या तरुणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती वाजवण्याची पद्धत रूढ केली, असे मानले जाते. हवाईचे ताउ मो आणि त्यांचे कुटुंब १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिले आणि हे वाद्य भारतात रुजायला त्यांचा हातभार लागला. रेडिओवर हिंदी चित्रपटगीतांच्या धुना हवाईयन गिटारवर ऐकत ज्यांचे बालपण गेले, त्यांना व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली ही नावे आठवतील. पंडित विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेचे मूळही याच कुळातले. म्हणूनच ब्रॉडवेवर स्टीलची मींड कानी पडली, की आपला पाय आपोआप थबकतो.

पुराने शिकवलेले

मे २०१० च्या पहिल्या दोन दिवसांत नॅशव्हिलमध्ये तेरा इंचांहून अधिक पाऊस कोसळला. शहरातून वाहणारी कंबरलँड नदी फुगली आणि ३ मे रोजी तिची पातळी जवळजवळ ५२ फुटांवर गेली. माणसे दगावली, घरे बुडाली. नदीकाठी साऊंडचेक नावाचे एक मोठे गोदाम होते. दौऱ्यांवर जाणारे वादक आपली वाद्ये तेथे ठेवत. शेकडो वादकांच्या गिटारी, ॲम्प्लिफायर, पेडल्स तेथे पाण्यात बुडाली. विन्स गिल यांच्यासारख्या नामवंताचा जन्मभराचा संग्रह त्यात होता आणि ज्याची एकच गिटार होती, असा साधा वादकही त्यात होता. पाणी ओसरून आत जायला मिळेपर्यंत काही दिवस गेले. मग चिखलाने भरलेल्या पेट्या उघडून वाद्ये वाळवण्याचे काम सुरू झाले.

ऑप्रीचे १९७४ पासूनचे नवे नाट्यगृहही पाण्याखाली गेले. त्याच्या रंगमंचाच्या मधोमध रायमनच्या जुन्या रंगमंचातून कापून आणलेले सहा फुटी लाकडी वर्तुळ बसवलेले आहे. त्यावर उभे राहून गायला मिळणे, हा तिथल्या गायकांच्या आयुष्यातला मानाचा क्षण. ते वर्तुळही भिजले. पण कारागिरांनी ते सोडवले, दुरुस्त केले आणि २८ सप्टेंबर २०१० रोजी नाट्यगृह उघडले, तेव्हा ते पुन्हा आपल्या जागी होते.

बुडालेली जुनी लाकडी गिटार पूर्ववत होईलच, असे नसते. साध्या व्हॉल्यूम पेडलचे मात्र तसे नाही. त्यात असते काय? धातूची पेटी, एक दोरी, एक स्प्रिंग आणि जुन्या रेडिओच्या बटणामागे असतो तसा एक पॉट. सुटे भाग मिळाले, तर ते घरच्या टेबलावर दुरुस्त होते. ज्याचे पोट रोजच्या वाजवण्यावर आहे, त्याच्यासाठी ही गोष्ट किमतीपेक्षा मोठी असते. भर गाण्यात पेडलची दोरी तुटली किंवा पॉट खरखरू लागला, तर बरणी त्या दिवशी रिकामी राहते.

भाच्याने पेडल मागितले तर

अमेरिकेत मुलीकडे किंवा मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांच्या हाती आता चॉकलेट आणि अत्तरांच्या यादीबरोबर कधी कधी वेगळीच चिठ्ठी येते. पुण्याच्या कॉलेजात बँड काढलेला भाचा लिहितो, ‘येताना एक व्हॉल्यूम पेडल आणा.’ नॅशव्हिल हे त्यासाठी योग्य गाव. पण दुकानात गेल्यावर दहा प्रकार समोर आले, की गोंधळ उडतो. अशा वेळी काही प्रश्न आधीच भाच्याला विचारून ठेवावेत.

पहिला प्रश्न : वाद्यात बॅटरी आहे का? बहुतेक इलेक्ट्रिक गिटारी बिनबॅटरीच्या, म्हणजे पॅसिव्ह असतात. त्यांच्यासाठी सुमारे २५० किलोओहमचे पेडल घ्यावे. अनेक बास गिटारींमध्ये, तसेच काही गिटारींमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते. त्यांच्यासाठी आणि कीबोर्डसाठी साधारण २५ किलोओहमचे पेडल योग्य. स्टील वादक बहुधा ५०० किलोओहमच्या आसपासचे वापरतात. दिसायला पेडल्स सारखीच असतात, पण पॅसिव्ह गिटारला २५ चे पेडल जोडले, की आवाज मलूल आणि दबका होतो. जणू घोंगडीआडून ऐकावा. अर्नी बॉलच्या पेडलमध्ये २५० आणि २५ असे वेगळे नमुने आहेत. बॉस कंपनीच्या एफव्ही-५०० या पेडलच्या नावापुढे ‘एच’ असेल, तर ते गिटारसारख्या वाद्यांसाठी. ‘एल’ असेल, तर कीबोर्डसाठी. एका अक्षराची चूक आणि पेडल पेटीत पडून राहते.

दुसरा प्रश्न : पेडल विजेवर चालणारे हवे की साधे? साध्याला वीज लागत नाही. ते दुरुस्तीला सोपे, पण लांबलचक वायर जोडल्यास सुरातली धार थोडी बोथट होऊ शकते. विजेवरचे पेडल ती धार राखते. मॉर्लेसारख्या काही पेडलमध्ये झिजणाऱ्या पॉटऐवजी प्रकाशाच्या साह्याने आवाज कमीजास्त होतो, त्यामुळे खरखर होत नाही. मात्र वीज गेली, की सूरही गेला. शिवाय अमेरिकेतला ॲडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. त्यावर १०० ते २४० असे छापलेले नसेल, तर तो आपल्या २३० व्होल्टच्या घरात लावू नये.

तिसरा प्रश्न : पेडल साखळीत कुठे बसणार? गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये मुले आवाज फाडणारी, घुमवणारी अनेक यंत्रे जोडतात. आवाज फाडणाऱ्या यंत्राच्या आधी व्हॉल्यूम पेडल लावले, तर पाय उचलताच आवाजाबरोबर त्याचा करकरीतपणाही कमी होतो. नंतर लावले, तर करकरीतपणा तसाच राहून फक्त आवाज घटतो. प्रतिध्वनीच्या यंत्राच्या आधी लावले, तर पेडल बंद केल्यावरही आधीचे पडसाद रेंगाळतात. नंतर लावले, तर तेही एकदम थांबतात. चूक किंवा बरोबर असे यात काही नाही. भाच्याला काय हवे आहे, ते मात्र माहीत हवे. साखळीत पेडलच्या आधी विजेवर चालणारे यंत्र येणार असेल, तर २५ चे पेडलही चालते.

आता पेडल हाताने नव्हे, पायाने तपासावे. खाली ठेवून पूर्ण उचलावे, पूर्ण दाबावे. खालच्या टोकाला आवाज संपूर्ण बंद होतो का? वाटेत खरखर येते का? आणि सर्वांत महत्त्वाचे, अर्ध्या वाटेपर्यंत आवाज हळूहळू चढतो का? काही पेडले सुरुवातीला मख्ख बसतात आणि मग एकदम ओरडतात. राखून वाजवायचे तर खालच्या अर्ध्या वाटेतली चाल गुळगुळीत हवी. पाय काढल्यावर पेडल आपोआप घसरता कामा नये. लहान आकाराचे पेडल सामानात मावते, पण पायाला फिरायला जागा कमी मिळते. धातूचे मोठे पेडल जड असते. विमानातल्या वजनाचा हिशेब आधी करावा.

ब्रॉडवेवरचे वादक आणखी एक साधी गोष्ट पाळतात. ज्या बुटांत वाजवायचे, त्याच बुटांत पेडल तपासायचे. जाड टाचेच्या बुटाला जे सोयीचे, ते चपलेला सोयीचे असेलच असे नाही. भाचा घरी अनवाणी सराव करतो की कॅनव्हासचे बूट घालून कार्यक्रमात वाजवतो, हेही विचारून ठेवलेले बरे.

गोंगाटात हरवणारी गोष्ट

गेल्या काही वर्षांत लोअर ब्रॉडवे झपाट्याने बदलला आहे. नामांकित गायकांच्या नावांचे तीनतीन, चारचार मजली बार उभे राहिले. प्रत्येक मजल्यावर वेगळा बँड आणि खिडक्या सताड उघड्या. एकाचा आवाज दुसऱ्यावर कुरघोडी करतो. १९४७ साली सुरू झालेले अर्नेस्ट टब यांचे गाण्यांच्या तबकड्यांचे जुने दुकान २०२२ साली बंद झाले. जुन्या गिटारींचे जाणकार जॉर्ज ग्रून यांनी १९७० साली रायमनच्या शेजारी दुकान काढले होते. तेही २०१३ मध्ये एट्थ अव्हेन्यू साऊथवर हलले. गर्दी वाढली, पैसा वाढला, जागांचे भावही वाढले.

या गलक्यात सर्वांत आधी दबते ते मागे राहून वाजणारे वाद्य. स्टील वादकाची सारी कला गायकाला वाट करून देण्यात आहे. गायक ओळ म्हणत असताना त्याचा पाय वर असतो. ओळ संपली आणि श्वासाएवढी जागा मिळाली, की पाय खाली जातो, सूर वर येतो आणि पुढची ओळ सुरू होण्याआधी पुन्हा मागे सरतो. शेजारून चार ढोल वाजत असतील, तर हे मागेपुढे होणे ऐकू कसे यावे? मग वादकही पेडल दाबूनच ठेवतो. पेडल कायमचे दाबलेले असले, म्हणजे ते असून नसल्यासारखेच.

तरीही रॉबर्ट्ससारख्या काही जागा जुन्या पद्धतीच्या गाण्याला धरून आहेत. रायमनचेही असेच. ऑप्री तिथून गेल्यावर ते वर्षानुवर्षे ओस पडले होते, पाडण्याच्याही गोष्टी निघाल्या होत्या. १९९४ साली दुरुस्त होऊन ते पुन्हा उघडले आणि आज तेथे कार्यक्रम होतात. शहराने ठरवले, तर जुना सूर राखता येतो, याचा हा विटांमधला पुरावा.

जाणाऱ्यांसाठी

विमानतळापासून शहराचा मध्यभाग १२-१३ किलोमीटरवर आहे. विमानतळावरच गाण्याची छोटी व्यासपीठे आहेत. सामानाची वाट पाहता पाहता कार्यक्रम सुरू होतो. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने हवेच्या दृष्टीने सुखाचे. मुले बरोबर असतील, तर ब्रॉडवे सकाळी किंवा दुपारी पाहावा. संध्याकाळनंतर बहुतेक बारमध्ये २१ वर्षांखालील मुलांना प्रवेश नसतो आणि गर्दीही फार होते. ऐकायला थांबलात, तर बरणीत यथाशक्ती पैसे टाकायला विसरू नये. ती देणगी नव्हे, वादकांची मजुरी आहे.

गाण्यांचा इतिहास पाहायचा तर कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम आणि रायमन ही दोन ठिकाणे चुकवू नयेत. सेंटेनियल पार्कमध्ये अथेन्सच्या पार्थेनॉनची पूर्णाकृती प्रतिकृती आहे. १८९७ च्या प्रदर्शनासाठी ती प्रथम उभारली गेली; आत ४२ फूट उंचीची अथेना देवीची मूर्ती आहे. शाकाहारी मंडळींनी ब्रॉडवेवर जेवणाची फार आशा धरू नये. येथे मांसाच्या सँडविचचे आणि तिखट कोंबडीचे राज्य आहे. शहराच्या पश्चिमेला श्रीगणेशाचे मोठे मंदिर आहे. भारतीय कुटुंबे सणावाराला तेथे जमतात.

संध्याकाळी नदीवरच्या पादचारी पुलावर उभे राहिले, की एका बाजूला शांत कंबरलँड दिसते आणि दुसऱ्या बाजूला ब्रॉडवेचे रंगीत दिवे. दहाबारा बँडचा एकत्र झालेला गलका तिथपर्यंत येतो. वारा पडला, एखाद्या गायकाने श्वास घेतला, तर त्यातूनच कधी स्टीलचा एक लांब सूर वेगळा होऊन कानावर पडतो. त्या गर्दीत कुणाचा तरी उजवा पाय अजून पूर्ण दाबलेला नसतो.